धंदा करू का राशन सांभाळू?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबणारंय, आधीच माफी मागतो, काटछाट करायची तर करा पण आकडे कापू नका. मी परभणी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवतो. म्हणजे उत्पन्नाचा दाखला, राशन कार्डात नाव वाढवणं कमी करणं, पीक विमा, लाडकी बहीण, उद्यमचं म्हणजे लहान धंद्याचं सरकारी रजिस्ट्रेशन, बँकेत द्यायचा प्रोजेक्ट रिपोर्ट, सगळं एकाच टेबलावर. दोन कॉम्प्युटर, त्यातला एक मूड असला तर चालू होतो, एक प्रिंटर, आणि दारात कायम दहा-बारा चपला. योजना मंत्रालयातून कशी दिसते मला माहीत नाही पण ती शेवटी फॉर्मच्या कोणत्या रकान्यात अडकते ते मला रोज दिसतं, आणि त्यातलीच एक गोष्ट, धंदा टाकला की राशन जायची भीती, वर्षभर डोक्यात घोळतीय म्हणून लिहायला बसलो.

तुमच्या पेपरात दर आठ-पंधरा दिवसाला बचत गटातल्या एखाद्या ताईची यशोगाथा येते. हातात पापडाचं पाकीट, मागं बॅनर, बाजूला साहेब लोक. चांगलंय, मी ती कात्रणं दुकानात चिकटवतो पण. फक्त त्याच ताईकडं सहा महिन्यानं परत जाऊन राशन चालू आहे का, दीड हजार येतात का, हे अजून कोणी विचारलेलं मी वाचलं नाही.

आमच्या गल्लीतल्या एका मावशीचं सांगतो, नाव नाही लिहीत. मालक मोंढ्यात हमाली करतात, दोन एकर कोरडवाहू, सासू, दोन लेकरं, पाच जणांचं घर. केशरी कार्ड, त्यावर प्राधान्यचा शिक्का, म्हणजे महिन्याचं धान्य मिळणाऱ्या यादीत नाव. सोमवारी मावशी आल्या उत्पन्नाचा दाखला काढायला, पोरीच्या शिष्यवृत्तीला पाहिजे होता आणि राशनच्या तपासणीला पण. दाखल्यावर उत्पन्न आलं चाळीस हजार. गुरुवारी त्याच मावशी परत, यावेळेस पिशवीत मशीनचं कोटेशन. शेवया, पापड, कुरडया आणि मिरची कांडप, पीएमएफएमई म्हणजे खाद्यपदार्थाच्या लहान धंद्याला कर्ज-सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या योजनेतून करायचं. तीन लाखाचा प्रोजेक्ट, तीस हजार स्वतःचे, बाकी बँकेचं, आणि ३५ टक्के सबसिडी. आता पावणेतीन लाखाच्या आसपास कर्ज म्हणलं की पाच वर्षाला महिन्याचा हप्ता पावणेसहा हजाराच्या घरात जातो, वर्षाचे सत्तर हजार हप्त्यातच गेले, मग बँकेच्या साहेबाला पटायला पहिल्या वर्षाचा नफा निदान एक लाख चाळीस हजार तरी दाखवावा लागतो नाहीतर फाईल टेबलावरून हलत नाही. तेवढा दाखवला. चाळीस हजारवाला कागद आणि एक लाख चाळीस हजारवाला कागद, दोन्ही माझ्याच प्रिंटरमधून, एकाच आठवड्यात.

मावशी शिकलेल्या सातवी, पण हिशोबाला पक्क्या. त्यांनी दोन्ही कागद बघितले आणि म्हणल्या, "दादा, हे दोन्ही एकाच साहेबापुढं गेले तर?"

मी म्हणलं, जात नाहीत मावशी, एक तहसीलला जातो आणि एक बँकेत. म्हणलं खरं, पण बोलता बोलताच कळलं की हे उत्तर पाच-सात वर्षापूर्वीचंय. आता उद्यमला पॅन आणि आधार लागतं, राशनला आधारची केवायसी, लाडकी बहीणला बाईच्या आधारसोबत नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं पण आधार लागलं, २०२५ च्या शेवटी त्या ओटीपीपायी आम्ही रात्री एक-दोन वाजेपर्यंत जागलोय, बाया लेकरं मांडीवर घेऊन दुकानात झोपायच्या. एवढं सगळं जोडलेलं असताना दोन कागद कधी ना कधी एका स्क्रीनवर येणारच.

आता आकड्याचं बघू, इथं जरा थांबतो कारण खरी गंमत इथंच आहे. राशनच्या प्राधान्य यादीत बसायला खेड्यात घराचं वर्षाचं उत्पन्न ४४ हजाराच्या आत पाहिजे, शहरात ५९ हजाराच्या आत. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा, आपल्या राज्यात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला, तेव्हाचा हा आकडा. ४४ हजार म्हणजे अख्ख्या घराला दिवसाचे १२० रुपये. २०२५-२६ ला रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये होती. घरातला एकच माणूस १४१ दिवस कामावर गेला की ४३ हजार ९९२ होतात, १४२ व्या दिवशी तो टोपलं उचलायला गेला की सरकारच्या हिशोबानं त्याचं घर गरीब राहिलं नाही. केशरी आणि पांढऱ्या कार्डाची रेघ तर अजून जुनी, १९९९ ला तीन रंगाची कार्डं आली तेव्हाची, एक लाखाच्या वर गेलं की पांढरं. निराधार योजनेत २१ हजाराची मर्यादा. माझ्याकडं एक विधवा ताई येतात, शिलाई मशीनवर बसतात, दिवसाला शंभर रुपये जरी सुटले तरी वर्षाचे ३६ हजार होतात, म्हणजे मशीनचं चाक जरा जोरात फिरलं की महिन्याच्या दीड हजारावर पाणी. त्या ब्लाउज शिवतात पण दुकानावर बोर्ड लावत नाहीत, दुकान म्हणजे काय, ओसरी.

आणि लखपती दीदी कोणाला म्हणायचं, तर बचत गटातली जी बाई तिच्या घराचं वर्षाचं उत्पन्न एक लाख किंवा त्याच्या वर. २०२३ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून २ कोटी दीदी करायचं जाहीर झालं, पुढं ते ३ कोटी झालं, २५ ऑगस्ट २०२४ ला जळगावला केवढा मोठा मेळावा झाला ते तुम्हीच छापलं असणार. आता बघा, लखपती दीदी एक लाखाला सुरू होते आणि पांढरं कार्ड पण एक लाखालाच सुरू होतं, खेड्यातली प्राधान्य यादी तर त्याच्या निम्म्याच्याही आत संपते. ज्या आकड्यावर एक खातं बाईच्या गळ्यात हार घालतं त्याच आकड्यावर दुसरं खातं तिच्या घरचं धान्य बंद करू शकतं. दोन्ही खात्याचे अधिकारी एकाच जिल्ह्यात बसतात, बहुतेक चहा पण एकाच टपरीवरून येत असंल.

मावशीच्या घराला पाच माणसाचं महिन्याला २५ किलो धान्य येतं, २०२३ च्या जानेवारीपासून ते फुकट आहे. बाजारात ३० रुपये किलो धरलं तरी वर्षाचे नऊ हजार. मावशीला लाडकी बहीणचे वर्षाला १८ हजार, त्याची मर्यादा अडीच लाखाची आहे म्हणून ते लगेच जाणार नाहीत, हे मी त्यांना समजावून सांगितलं, पण गावात कोण ऐकतंय, "एक कटलं की सगळं कटतं" असंच सगळे बोलतात. शिष्यवृत्तीचा दाखला तोच. मावशीनी बोटं मोजली आणि विचारलं, "आन् मशीन चाललीच नाही तर? राशन परत सुरू करून देतेत का?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. नाव कमी व्हायला एक केवायसी पुरते, परत चढवायला किती चकरा ते मला माहितीय, कारण त्या चकरांचे अर्ज मीच भरतो. तालुक्याला धान्याचा कोटा ठरलेला, कोणाचं कमी झालं तर तुमचं लागणार, तोपर्यंत वाट बघा.

आणि मशीन चालणं न चालणं हे आपल्याकडं बाईच्या हातात कुठं असतं. शेवया पापड कुरडया हा उन्हाळ्याचा धंदा, चैत्र-वैशाखात रात्री अकरा वाजेपर्यंत नंबर लागतील, पाऊस पडला की मशीनवर गोणपाट. मिरची कांडपाचं पण तेच, दोन-अडीच महिने. बरं पैसे रोख येतात का? "सोयाबीन निघाल्यावर देतो" ह्या एका वाक्यावर अख्ख्या मराठवाड्यातली दुकानं चालतात. किराणा त्याच्यावर, दवाखाना त्याच्यावर, माझं सेवा केंद्र पण त्याच्यावरच. आणि २०२५ च्या सप्टेंबरात काय झालं ते सांगायला नको, गुडघाभर पाण्यात सोयाबीन उभं, शेंगातच मोड आले, जमिनीच खरडून गेल्या कितीतरी ठिकाणी. ज्यांनी उन्हाळ्यात शेवया करून नेल्या त्यांच्या उधाऱ्या वहीतच राहिल्या. वहीत विक्री दिसते, डब्यात पैसा नाही, बँकेचा हप्ता मात्र पाच तारखेला बरोबर कापतो. अशा वर्षात तुम्ही कागदावर एक लाख चाळीस हजार कमावलेले असता.

सबसिडीचं पण लोकांना वाटतं की पैसे हातात मिळतात. तसं नाही. पीएमईजीपी (नवीन धंद्याला कर्ज-सबसिडीची केंद्राची दुसरी योजना) घ्या नाहीतर पीएमएफएमई घ्या, सबसिडी येते ती बँकेत तीन वर्षं बाजूला ठेवून देतात, तीन वर्षं धंदा चालू राहिला, खातं नीट राहिलं, तरच ती कर्जात जमा होते. मला हे पटतं बरं का, नाहीतर लोकं सबसिडी उचलून मशीन विकून मोकळे होतील, तसले पण बघितलेत. पण मग मला एक सांगा, सरकारला स्वतःच्या पैशाच्या बाबतीत धंदा उभा राहिला का नाही हे ठरवायला तीन वर्षं लागतात, आणि माणसाच्या ताटातलं काढायच्या बाबतीत पहिल्याच वर्षाचा कागद कसा काय पुरतो? तीन वर्षं थांबायचं तर दोन्हीकडं थांबा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं पत्र ह्याच्यापायीच वाढलंय.

आता टेम्पोचं. आमच्या बाजूच्या गावातलं एक पोरगं, लग्न व्हायचंय, बारावी झालेलं, चार वर्षं पुण्यात कंपनीत कंत्राटी काम करून परत आलं. त्यानं मुद्रा लोन काढून छोटा हत्ती घेतला, सेकंड हँड, भाजी आणि दुधाचे कॅन टाकायला. पोरगं कष्टाळू, पहाटे चारला निघतं. लाडकी बहीणच्या नियमात काय आहे की कुटुंबात कोणाच्या नावावर चारचाकी नको, ट्रॅक्टर सोडून. आणि कुटुंब म्हणजे नवरा बायको आणि बिनलग्नाची लेकरं. म्हणजे पोराचा टेम्पो आईच्या नावापुढं आला. २०२५ च्या फेब्रुवारीत अंगणवाडीच्या ताई चारचाकीची यादी घेऊन घरोघर फिरल्या तेव्हा त्याच्या आईनं टेम्पोवर ताडपत्री टाकून ठेवली होती, टेम्पो काय कोंबडीए का झाकून ठेवायला. पैसे बंद झाले. तिला दीड हजार गेल्याचं दुःख कमी आणि "तुमच्याकडं गाडीए म्हणे" असं शेजारणी म्हणतात त्याचं जास्त.

इथं माझा प्रश्न साधा आहे. ट्रॅक्टर सोडला, बरोबर केलं, शेतीचं साधन आहे. मग हप्त्यावर घेतलेला मालवाहू टेम्पो काय लग्नात मिरवायचं साधन आहे का? राशनच्या नियमात तर अजून मजा, तिथं केशरी कार्डाला चारचाकी चालत नाही पण टॅक्सीचालकाला सूट आहे. एका नियमात ट्रॅक्टरला सूट, दुसऱ्यात टॅक्सीला, आणि टेम्पोवाला दोन्हीकडून बाहेर. तिकडं सरकारच बायकांना पिंक ई-रिक्षा देतंय, छत्रपती संभाजीनगरचं पण नाव आहे त्यात, २० टक्के सरकार, ७० टक्के बँक, १० टक्के स्वतःचे. रिक्षाला चाकं तीन म्हणून बरंय, चौथं चाक लागलं की माणूस श्रीमंत.

(कुटुंबाचं पण असंच. पीएमईजीपीत कुटुंब म्हणजे नवरा-बायको, लाडकी बहीणमध्ये बिनलग्नाची लेकरं पण, आणि राशनला कार्डावर जेवढी नावं तेवढे सगळे. एकाच घराचं मी तीन प्रकारे कुटुंब भरतो, सासू कधी आत असते कधी बाहेर.)

इन्कम टॅक्सच्या रिटर्नचं तर विचारूच नका. बँक म्हणते दोन-तीन वर्षाचे आयटीआर आणा. गावात लोकं म्हणतात रिटर्न भरला की नाव कटतं. नियमात शब्द आहे आयकरदाता, म्हणजे कर भरणारा, आणि नवीन पद्धतीत २०२५-२६ पासून बारा लाखापर्यंत उत्पन्नाला कर लागत नाही, म्हणजे आमच्याकडच्या चक्कीवाल्याला, पंक्चरवाल्याला, पापडवालीला कर लागायचा प्रश्नच नाही, त्यांचा रिटर्न शून्य कराचा. पीएम किसानला पण तेच, कर भरला असंल तर बाहेर, नुसत्या रिटर्ननं नाही. हे मी शंभर वेळा सांगितलंय, तरी लोकं रिटर्न भरत नाहीत, आणि रिटर्न नाही म्हणून बँक दारात उभं करत नाही, मग फायनान्सवाले येतात आठवड्याच्या हप्त्याचे, सोमवारी सकाळी साडेसातला ओट्यावर बायकांची मीटिंग. ह्या भीतीचा खरा फायदा कोणाला होतो ते बघा.

माझं स्वतःचं पण लिहितो नाहीतर तुम्ही म्हणाल दुसऱ्याचंच सांगतोय. मी हे केंद्र टाकलं तेव्हा शिशू मुद्रामधून पन्नास हजार घेतले होते. पहिल्या वर्षी भाडं, नेट, प्रिंटरची शाई जाऊन हातात महिन्याला तीन-साडेतीन हजार राहायचे, कधी तेवढे पण नाही. पण खात्यावर रक्कम मोठी दिसायची, कारण लोकांची लाईट बिलं, परीक्षेच्या फिया, विम्याचे हप्ते सगळे माझ्या खात्यातून जायचे. तपासणीला आलेल्या माणसानं पासबुक बघितलं आणि म्हणला, अहो तुमची तर लाखात उलाढाल आहे. आता उलाढाल आणि उत्पन्न ह्यातला फरक मी त्याला उभ्या उभ्या कसा सांगू, सांगितला तरी त्याच्या फॉर्मवर खर्चाचा रकानाच नव्हता. आमचं प्राधान्यचं धान्य तेव्हा बंद झालं. ते वर्ष आम्ही बायकोच्या माहेरच्या ज्वारीवर काढलं, परभणी मोती, ज्वारी चांगली होती, पण सासऱ्याकडून पोतं उचलताना कसं वाटतं ते ज्यानं उचललं त्यालाच माहीत. आज माझं बरं चाललंय, आज मला राशन नको, आज पांढरं कार्ड दिलं तर तक्रार नाही. पण ज्या वर्षी लागत होतं नेमकं त्याच वर्षी गेलं.

आणि यूपीआयचा क्यूआर कोड. २०२५ च्या जुलैमध्ये बंगळुरूला लहान दुकानदारांना यूपीआयच्या रकमा बघून जीएसटीच्या नोटिसा आल्या, ती बातमी व्हॉट्सअपवर आमच्याकडं आली आणि दुसऱ्या दिवशी बाजारात चार-पाच हातगाड्यांवरचे कोड गायब. मालाच्या विक्रीला जीएसटीची मर्यादा ४० लाखाची आहे, भजीवाल्याचं त्याच्याशी काही घेणंदेणं नाही. पण त्याला भीती जीएसटीची नव्हतीच, त्याला भीती राशनची होती.

म्हणून लोकं काय करतात? टेम्पो मामाच्या नावावर. मशीन जावेच्या नावावर, मग सबसिडी पण जावेलाच आणि पुढं भांडणं. कार्ड फोडून म्हातारा-म्हातारीचं वेगळं. उद्यमचं रजिस्ट्रेशन फुकट आहे, घरबसल्या होतं, तरी काढत नाहीत. असे सल्ले मी पण दिलेत, खोटं कशाला बोलू, माणूस रडकुंडीला येऊन समोर बसला की नियम सांगवत नाही. पण हे बरं नाही हे कळतं. सरकार एकीकडं म्हणतं नोंदणी करा, समोर या, आणि समोर आलेल्याचंच पहिलं नाव कटतं, जो लपून धंदा करतो त्याचं सगळं चालू.

तपासणी नको असं माझं म्हणणं नाही हे मुद्दाम लिहितो. सरकारी नोकरीतल्या बायांनी लाडकी बहीणचे पैसे उचलले, पुरुषांच्या नावावर सुद्धा पैसे गेले हे २०२५ ला बाहेर आलंच. बागायती, बंगला, दोन गाड्या असून केशरी कार्ड बाळगणारे आमच्या तालुक्यात पण आहेत आणि ते केवायसीला एसीवाल्या गाडीतून येतात. त्यांचं कापा की, कोण नको म्हणतंय. पण त्यांचं आणि नवीन धंदा टाकणाऱ्या मावशीचं एकाच चाळणीतनं कामून चाळता?

आपण म्हणतो ना, जगात जर्मनी भारतात परभणी. तर त्या जर्मनीत काय करतात बघा. बेकारभत्ता घेणारा माणूस स्वतःचा धंदा टाकतो म्हणला तर त्याचा धंदा चालण्यासारखा आहे का हे आधी जाणकाराकडून तपासून घेतात, आणि पटलं तर पहिले सहा महिने त्याच्या भत्त्याएवढी रक्कम चालू ठेवून वर महिन्याला ३०० युरो देतात, पुढं अजून नऊ महिने ३०० युरो देता येतात. इंग्लंडमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट म्हणून मदत आहे, त्यात नवीन धंदा असंल तर पहिले १२ महिने तू एवढे कमावलेच असणार असं गृहीत धरून मदत कापत नाहीत, खरंच जेवढे कमावले तेवढेच धरतात. आणि नंतर सुद्धा मदत एकदम बंद करत नाहीत, एका पौंडाच्या कमाईमागं ५५ पेन्स कमी, असं हळूहळू उतरवतात. तिथं पण लोकं कुरकुर करतच असतील, कुरकुर कुठं नसते. पण पायरीपायरीनं उतरवणं आणि माळवदावरून ढकलून देणं ह्यात फरक आहे का नाही.

आपल्याला युरो नकोत. मी दोन-तीन गोष्टी सुचवतो, त्या ठरवायला काय फार अवघड नाहीत असं मला वाटतं, चुकत असंल तर कोणी जाणकारानं पत्र लिहून सांगावं. उद्यमच्या सर्टिफिकेटवर तारीख असते, त्या तारखेपासून तीन वर्षं त्या धंद्याचं उत्पन्न राशन आणि निराधारसाठी धरू नका, बाकीचं काय धरायचं ते धरा. तीन वर्षं झाली की बघा, धंदा चालला असंल तर काढा नाव, आनंदानं काढा, बाई स्वतःच येऊन सही करील. धंदा बुडाला असंल तर नाव तिथंच आहे, परत चकरा नाहीत. मालवाहू गाडीला ट्रॅक्टरसारखी सूट द्या, गाडीच्या आरसी बुकावर लिहिलेलंच असतं मालवाहू का खाजगी, ते ओळखायला समिती लागत नाही. उत्पन्नाच्या दाखल्याच्या अर्जात धंदेवाल्यासाठी विक्री आणि खर्च असे दोन रकाने द्या, मी भरून देतो नीट. आणि ते ४४ हजार, ५९ हजार, २१ हजार हे आकडे आजची मजुरी बघून एकदा बदला, २०१४ ला जे पोरगं पहिलीत होतं ते आता मतदान करतंय, आकडा मात्र अजून पहिलीतच.

हे होऊ शकत नाही असं कोणी म्हणलं तर पीएमईजीपीचा नियमच वाचावा, त्यात कर्ज घेणाऱ्याला उत्पन्नाची वरची मर्यादाच ठेवलेली नाही. पीएम स्वनिधीत हातगाडीवाल्याला २०२० पासून कर्ज देतात, तिथं पण उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत, म्हणून तिथं कोणी माझ्याकडं येऊन "दादा आकडा जरा कमी टाका" म्हणत नाही.

मावशीचं काय झालं ते राहिलंच. बँकेकडून मंजुरीचं पत्र आलं होतं. त्या ते घेऊन दुकानात आल्या, दोनदा वाचायला लावलं, मग म्हणल्या ह्या वर्षी राहू द्या, पोरीची बारावी होऊ द्या, सोयाबीनचं पण काही खरं नाही. पत्र घडी घालून राशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवलं. पापड त्या अजून हातानंच लाटतात, किलोमागं मजुरी घेऊन, दुसऱ्याच्या ब्रँडसाठी. मंजुरीला मुदत असते, ती ह्या महिन्याअखेर संपतीय.

आपला,
एक सेवा केंद्र चालक, जि. परभणी
(नाव पत्ता तुमच्याकडं दिलाय, छापू नये, मला इथंच राहायचंय.)

ता.क. वाचणाऱ्यांसाठी एक कामाचं लिहायचं राहिलं. कार्ड पांढरं झालं तरी महात्मा फुले जनआरोग्य योजनेतला पाच लाखापर्यंतचा इलाज जात नाही, ती आता सगळ्या रंगाच्या कार्डाला आहे. त्या भीतीनं कोणी धंदा अडवून ठेवला असंल तर ठेवू नका. आयुष्मान कार्ड काढलं नसंल तर काढून घ्या, येताना राशन कार्ड, आधार आणि आधारला लिंक असलेला मोबाईल सोबत आणा, पोराकडं पुण्याला ठेवून येऊ नका, ओटीपी त्याच्यावरच येतो.